वजन बरोबर, तरी साखर जास्त: फीत कुठे लावायची आणि आकडा कसा वाचायचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुम्ही चोपडा तालुक्यातले. आप्पा ५४ वर्षांचे, सहा वर्षांपासून साखर, उंची १६५ सेंटीमीटर, वजन ६२ किलो, ‘कंबर ३४’, आणि तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी ८.२. आई ५० वर्षांची, उंची १५२, वजन ६६, साखर अजून काठावर. डॉक्टरांनी आप्पांना ‘पोट कमी करा’ सांगितलं. घरात सगळे चक्रावले, कारण पोट कमी करायचं तर आईनं, आप्पा तर सडपातळ आणि रोज शेतात जाणारे. मग घरी नेमकं काय मोजायचं, किती दिवसांनी मोजायचं, त्यावरून साखरेचं काही कळतं का, आणि वजनकाटा कोणता घ्यायचा, हे तुम्ही विचारलंय.

डॉक्टर बरोबर बोलले. ‘मन्हं वजन बराबर शे, मंग साखर काब वाढनी?’ हा प्रश्न आपल्या भागात रोज ऐकू येतो. साखरेच्या बाबतीत चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि तिच्या जोडीला स्नायू किती शिल्लक आहेत हेही. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही. तो हाड, पाणी, मांस, चरबी आणि सकाळचा चहा सगळं एकत्र धरून एक आकडा देतो.

आप्पांचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, काढला तर २२.८ येतो. भारतीयांसाठी २३ च्या आत असला की ठीक धरतात, म्हणजे कागदावर आप्पा पास. पण बीएमआय आपल्या लोकांना कसा फसवतो याचं एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोटात चरबी, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे आणि आप्पा बहुधा त्यातलेच.

पोटाच्या चरबीलाच एवढं महत्त्व का, तर आतड्यांभोवती साठलेल्या चरबीतून सुटणारी चरबीची आम्लं थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनचं ऐकत नाही आणि रात्री आपण झोपेत असतानाही साखर रक्तात सोडत राहतं. सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली दिसते त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. मांडी आणि नितंबावरची कातडीखालची चरबी त्या मानानं निरुपद्रवी. म्हणून एकाच वजनाच्या दोन माणसांची साखर वेगवेगळी वागते.

आता ‘कंबर ३४’. हा पँटचा नंबर आहे, कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर घालतो. तिथे घेर कमीच भरतो, आणि पोट पुढे आलं तरी वर्षानुवर्षं नंबर तोच राहतो. शिवाय रेडिमेड पँटवर ३४ लिहिलेलं असलं तरी आत ३६ इंच भरू शकते. बायकांच्या बाबतीत तशीच फसगत परकराच्या नाडीमुळे होते. वर्षानुवर्षं नाडी आवळल्यामुळे कमरेला एक खाच पडलेली असते, आणि फीत लावली की ती आपोआप त्या खाचेत जाऊन बसते. आकडा तीन-चार सेंटीमीटरनं कमी येतो आणि सगळे खूश. त्या खाचेकडे दुर्लक्ष करून हाडांवरूनच जागा ठरवायची.

ती अशी ठरवा. आप्पांना अनवाणी, पावलं जुळवून, सरळ उभं करा. सदरा आणि बनियन वर, पायजम्याची नाडी सैल. बाजूनं, काखेच्या सरळ खाली, बोटांनी चाचपत शेवटची बरगडी शोधा. मग तशाच रेषेत खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्ही ठिकाणी पेननं बारीक खूण करा. या दोन खुणांच्या बरोबर मधोमध फीत जाणार. दोन्ही बाजूंना खुणा करा, नाहीतर फीत एका अंगाला उतरते. आप्पांनी हात खाली सोडायचे, एक-दोन श्वास नेहमीसारखे घ्यायचे, आणि श्वास सहज बाहेर सोडला की त्या क्षणी आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही, हे सांगूनही प्रत्येक पुरुष ओढतोच. म्हणून मोजताना त्यांना काहीतरी बोलायला लावा, बोलताना पोट आत धरून ठेवता येत नाही. फीत कातडीला टेकलेली असावी, रुतलेली नको.

दोनदा मोजा. दोन आकड्यांत एक सेंटीमीटरच्या आत फरक असेल तर सरासरी घ्या, जास्त असेल तर दोन्ही खोडून पुन्हा मोजा. बेंबीवरून मोजायची सवय अनेकांना असते, पण पोट ओघळलं की बेंबीही खाली येते आणि दरवेळी जागा बदलते. मोजणारा माणूस एकच असावा आणि तो आप्पा स्वतः नसावेत. स्वतः मोजताना फीत पाठीमागे कुठे गेली हे दिसत नाही, ती तिरकी होते आणि आकडा बिघडतो. आरशासमोर बाजूनं उभं करून एकदा बघून घ्या, फीत जमिनीला समांतर हवी.

फीत शिंप्याकडची चालते, पण जुनी कापडी फीत ताणून लांबलेली असते आणि मग कंबर कमी भरते. नव्या पोलादी पट्टीशेजारी ठेवून ताडून बघा. शून्य नेमकं कुठून सुरू होतं तेही बघा. काही फितींत पत्र्याच्या टोकापासून, काहींत थोडं पुढून. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर असतात. सेंटीमीटरच वापरा, म्हणजे गोंधळ नको. वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. वरण-बट्टीच्या पंगतीनंतर मोजलेली कंबर कंबर नसते.

समजा आप्पांची कंबर अशी नीट मोजल्यावर ९३ सेंटीमीटर निघाली. तुमच्या वर्णनावरून मला त्याच्या आसपासचीच अपेक्षा आहे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा वापरतात, म्हणजे आप्पा वर गेले. पण मी याहून जास्त भरवसा ठेवतो तो कंबर आणि उंची यांच्या भागाकारावर, कारण त्यात बुटक्या आणि उंच माणसाला एकच माप लागत नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. भागाकार ०.५ च्या आत ठीक, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ आणि वर जास्त धोका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ पासून मार्गदर्शनात हेच टप्पे दिले आहेत. आप्पांचे ९३ भागिले १६५ म्हणजे ०.५६. आईची कंबर समजा ८६ आली, तर ८६ भागिले १५२ म्हणजे ०.५७. बीएमआय एकाचा २२.८, दुसऱ्याचा २८.६, आणि पोटाच्या हिशेबात दोघं जवळपास शेजारी! डॉक्टरांना आप्पांचं पोट दिसलं ते म्हणूनच.

आकडेमोड नको असेल तर सुतळी घ्या. माणसाच्या उंचीएवढी तोडा, मधोमध दुमडा, आणि दुमडलेली सुतळी वर सांगितलेल्या जागी कमरेभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक, मध्ये फट राहिली तर पोट जास्त. गावात पाचपन्नास माणसं तपासायची असतील तर याहून सोपं काही नाही. मात्र महिन्यागणिक फरक बघायला सुतळी कामाची नाही, तिथे फीतच हवी.

नितंबाचा घेर आणि कमरेशी त्याचं गुणोत्तर (पुरुषांत ०.९०, स्त्रियांत ०.८५) अजूनही अनेक तक्त्यांत असतं. पहिल्या भेटीत धोका जोखायला ते ठीक, पण प्रगती बघायला मी वापरत नाही. माणूस बारीक होतो तसे दोन्ही घेर उतरतात आणि गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. उलट नितंबाचे स्नायू झडले तर ते बिघडलेलं दिसतं, पोट तेवढंच असलं तरी. मानेचा घेर, कंठाच्या घाटीखाली मोजलेला, सोयीचा आहे कारण कपडे काढावे लागत नाहीत. तो ४० सेंटीमीटरच्या पुढे असेल आणि माणूस मोठ्यानं घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते डॉक्टरांना जरूर विचारा. मान बघताना मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी आणि बारीक लोंबते मस आहेत का तेही बघा. ‘मळ आहे’ म्हणून घासून घासून थकलेली माणसं भेटतात. तो मळ नसतो, इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण असते.

आप्पांसाठी मला कमरेखालोखाल महत्त्वाची वाटते ती पोटरी. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायू उचलतात. स्नायू कमी झाले की साखरेला जायला जागा कमी. साखर बरीच वर्षं वाढलेली असेल तर स्नायू झडतात, आणि पोटामुळे ते वजनात लपतं. खुर्चीवर बसवून पाऊल जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात, आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग फीत वर-खाली सरकवत शोधा. आशियाई लोकांसाठी पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटीमीटरच्या खाली पोटरी असली की स्नायू कमी असल्याची शंका घेतात. पायाला सूज असेल तर हा आकडा खोटा, म्हणून आधी नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरा. खड्डा राहिला तर मोजू नका, डॉक्टरांना दाखवा. जोडीला खुर्चीची परीक्षा घ्या. हात छातीवर घडी घालून, नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायात जोर कमी. गुडघे दुखत असतील तर वेळ गुडघ्यांमुळे जातो, स्नायूंमुळे नाही, हे लक्षात ठेवा.

‘रोज शेतात जातात’ याबद्दल एक विचारतो. फटफटीवर बांधापर्यंत जाऊन, ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवून, मजुरांवर लक्ष ठेवून येतात, की कुदळ-फावडं हातात असतं? केळी-कपाशीच्या बऱ्याच घरांत पंधरा-वीस वर्षांत काम बदललं, भाकरी तेवढीच राहिली. राग मानू नका, पण उत्तर आप्पांच्या पोटरीत सापडेल.

आता हे आकडे एकमेकांशी जोडून कसे वाचायचे. इथेच जास्त चुका होतात. वजन उतरलं, कंबर उतरली, पोटरी तेवढीच राहिली, तर उत्तम. वजन हललंच नाही पण कंबर तीन-चार सेंटीमीटर उतरली, तर तेही चांगलंच आहे. नेमकी याच वेळी माणसं निराश होऊन चालणं बंद करतात, कारण घरात फक्त काटा असतो. वजन उतरतंय, पोटरी बारीक होतेय, कंबर तिथेच आहे आणि साखर २५०-३०० च्या घरात आहे, तर हे ‘डाएट लागू पडलं’ नव्हे. साखर लघवीवाटे वाहून जातेय आणि शरीर स्वतःचं मांस जाळतंय. तहान, रात्री लघवीला उठणं सोबत असेल तर आठवडाभरही थांबू नका. पन्नाशीनंतर वजन कारणाशिवाय उतरत असेल तर साखर बरी असली तरी तपासणी करून घ्यायची.

उलटही होतं. इन्सुलिन सुरू केल्यावर दोन-तीन किलो वाढतात आणि माणूस घाबरून इन्सुलिन सोडतो. वाढलेल्यातला काही भाग म्हणजे आधी लघवीतून वाया जाणारं अन्न आता अंगी लागलेलं असतं. कंबर बघा, ती वाढत नसेल तर घाबरू नका. पायोग्लिटाझोन या गोळीनं वजन वाढतं आणि काहींच्या अंगात पाणी साठतं. कोणतीही गोळी असो, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायाला सूज, झोपल्यावर धाप, तर ती चरबी नाही, पाणी आहे, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कंबर-वजन छान उतरायला लागलं तर तोच डोस जास्त होऊ शकतो. घाम, थरथर, साखर ७० च्या खाली, असं एकदा जरी झालं तरी डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्या. स्वतः कमी-जास्त करू नका.

फितीवरून साखर कळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ती दिशा दाखवते, एवढंच. तिच्यासोबत रक्तदाब, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) बघितलं की चित्र भरतं. आईसाठी हा हिशेब आत्ताच करा: कंबर ८० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ५० च्या खाली (पुरुषांत ४०), रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचातले तीन जुळले की चयापचय बिघडल्याचं धरतात. आईला अजून मधुमेह नाही, त्यामुळे तिथे मेहनतीचं फळ आप्पांपेक्षाही जास्त मिळेल. घरात लक्ष मात्र सगळं आप्पांकडे असेल, असं मला वाटतं.

हे सगळं कोणाला लागू नाही, तेही सांगतो. गरोदर बाई, पोटात पाणी झालेला माणूस, मोठा हर्निया, यांची कंबर मोजून काही कळत नाही. पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्या बाईची उंची घटते आणि भागाकार उगाच वाढतो. तिथे तरुणपणची उंची माहीत असेल तर ती घ्या. लहानपणीच इन्सुलिन लागलेल्या टाइप १ च्या माणसात कारणच वेगळं असतं. आणि नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात, बालपणापासून कुपोषणात वाढलेला, हडकुळा, तरुण वयात साखर निघालेला रुग्ण असेल तर त्याला ‘कंबर कमी कर’ सांगणं सरळ चूक. कुपोषणाशी जोडलेल्या या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२५ मध्ये टाइप ५ म्हणून वेगळी ओळख दिली. तिथे वजन आणि पोटरी वाढवायची असते. त्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, आणि सिकलसेल असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. अशा वेळी बोटातून तपासलेल्या साखरेवर भर द्यावा लागतो.

किती दिवसांनी मोजायचं? वजन आठवड्यातून एकदा. कंबर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला. रोज मोजून फक्त चिडचिड होते, कारण एक सेंटीमीटर इकडे-तिकडे ही मोजण्यातलीच चूक असते. पोटरी आणि खुर्चीची परीक्षा तीन महिन्यांनी, एचबीएवनसीच्या वेळीच. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवलं तरी पुरे, फक्त दवाखान्यात जाताना त्याचा फोटो न्या. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आमरसाच्या दिवसांत किंवा लग्नसराईत कंबर वाढली तर ती महिन्याभरात परत येते का ते बघा.

आप्पांना मी ९३ वरून ८८ चं उद्दिष्ट देईन, तीन-चार महिन्यांत, आणि वजन तीन किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही. ८२ पर्यंतचं, म्हणजे उंचीच्या निम्म्यापर्यंतचं, अंतर नंतर बघू. त्यासाठी फक्त पोटाचे व्यायाम करू नका, पोटाचे स्नायू दमतात, चरबी जिथल्या तिथे राहते. रोज अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातून दोन-तीन दिवस उठाबशा आणि वजन उचलणं. जेवणात डाळ, अंडी, दही-ताक वाढवा, आणि आठवड्यात कितीदा शेवभाजी होते ते मोजा. त्या भाजीत शेव तळलेली असते आणि वर तर्री वेगळी. कळण्याची भाकरी चांगली आहे, तीन मात्र नकोत.

उरला वजनकाटा. महाग घ्यायची गरज नाही. पायाखाली पत्रे असलेले ‘फॅट’ दाखवणारे काटे वीज सोडून अंदाज बांधतात, आणि तो अंदाज अंगातल्या पाण्यावर हलतो. मे महिन्यात ४४-४५ अंशांतून शेतावरून आलेल्या माणसाची चरबी तो काहीही सांगेल. तळव्याला भेगा आणि जाड कातडी असेल तर आणखी गोंधळ. हृदयात पेसमेकर असलेल्यानं तर अशा काट्यावर उभंच राहू नये. साधा डिजिटल काटा घ्या, चटई किंवा गोणपाटावर न ठेवता फरशीवर ठेवा, त्यावर एकामागून एक तीनदा उभे राहा. तिन्ही वेळा १०० ग्रॅमच्या आत तोच आकडा आला तर घ्या. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा. फीत मात्र आजच आणा, आणि आप्पा-आई दोघांचे आकडे मिळाले की इथेच लिहा.